सोसायटीत ड्रेनेजचा पाइप पुरताय? बाजूची माती कशी भरतात ते बघा

पावसाळ्याआधी मुंबईत कितीतरी सोसायट्यांमध्ये ड्रेनेज लाइनचं काम निघतं आणि मीटिंगमध्ये सगळी चर्चा पाइपच्या कंपनीवर आणि रेटवर होते. पण जमिनीतला पीव्हीसी पाइप एकट्याच्या जिवावर लोड घेत नाही हो, त्याला दोन्ही बाजूंची दाबून भरलेली माती धरून ठेवते, त्यामुळे कमिटीतल्या कोणीतरी चर बुजवताना तिथे उभं राहायलाच हवं.

आधी लोड किती येतो ते बघू. माती घनमीटरला साधारण १८०० किलो भरते, म्हणजे १६० एमएमच्या पाइपवर एक मीटर माती असेल तर पाइपच्या दर मीटरला जवळपास २९० किलो कायमचे बसलेले. त्यात १०,००० लिटरचा टँकर वरून गेला की मागच्या एका बाजूच्या जोडचाकांवर चारेक टन येतात, ते खाली पसरत जातात आणि एक मीटरवर चौरस मीटरला दोनेक टन दाब उरतो, म्हणजे मातीचा असतो जवळपास तेवढाच, पण पाइप अर्ध्या मीटरवरच असेल तर हाच आकडा सहा-सात टनांवर जातो. म्हणून टँकर आणि फायर ब्रिगेडची गाडी जाते त्या पट्ट्यात उथळ पाइप टाकू देऊ नका.

दाब आला की पाइप वरून चेपतो आणि बाजूंना फुगतो. जुन्या बिल्डिंगचे स्टोनवेअर (भाजलेल्या मातीचे) किंवा सिमेंटचे पाइप फुगत नाहीत, त्यांना माथ्याला आणि तळाला आतून ताण बसतो, दोन्ही बाजूंना बाहेरून, आणि सहन झालं नाही की याच चार जागी लांबीने तडे जातात. पीव्हीसी वाकतो, बाजूच्या मातीला ढकलतो, ती घट्ट असेल तर तिथेच अडतो. स्पँगलर नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९४१ मध्ये याचा फॉर्म्युला दिला. एसएन ४ (हा पाइपच्या कडकपणाचा वर्ग) पाइप, एक मीटर माती, वर टँकर असं धरून हिशेब केला तर नुसती ढकललेली माती असताना पाइप व्यासाच्या पाचेक टक्के चेपतो, आणि चांगली दाबलेली ग्रिट (बारीक खडी) असेल तर फक्त एक टक्का. पाइप तोच, खड्डा तोच! आणि पाच टक्के ही सहसा धरली जाणारी मर्यादाच आहे.

आता काम कसं करून घ्यायचं. चर एवढा रुंद घ्या की पाइपच्या दोन्ही बाजूंना धुमस आत जाईल. तळाला १०० एमएम वाळू किंवा बारीक ग्रिट, सॉकेटखाली (जोडाच्या रुंद तोंडाखाली) छोटा खळगा, नाहीतर पाइप सॉकेटवर टेकतो आणि मधे अधांतरी राहतो. मग पाइपच्या पोटाखालच्या दोन्ही कुशी, हे सगळ्यात महत्त्वाचं आणि नेमकं हेच सगळे टाळतात, कारण तिथे हाताने ग्रिट सारून लाकडाने ठोकावी लागते. त्यानंतर १५० एमएमचे थर, दोन्ही बाजूंना एकदम, नाहीतर पाइप सरकतो. माथ्यावर ३०० एमएम भराव होईपर्यंत प्लेट कॉम्पॅक्टर (माती दाबायचं मशीन) पाइपच्या वर आणू नका. आणि डेब्रिज, विटांचे तुकडे, फुटके पेव्हर पाइपलगत अजिबात नकोत, एक टोक टेकलं की सगळा दाब तिथेच.

खाडी बुजवलेल्या जागेवर सोसायटी असेल तर खालचा चिखल जास्त खोल काढा आणि ग्रिटभोवती जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड) गुंडाळा, नाहीतर ग्रिट हळूहळू चिखलात जाते आणि बाजूचा आधार संपतो. चरात पाणी साचत असेल तर पंप लावूनच भरा, कारण पाण्यात बुडालेला ३१५ एमएमचा रिकामा पाइप मीटरला ७८ किलोच्या जोराने वर उचलला जातो.

कॉन्ट्रॅक्टरचं शेवटचं बिल लगेच देऊ नका, माती बसत जाते तसा पाइप अजून काही आठवडे चेपत राहतो. महिन्याभराने आतल्या व्यासाच्या ९५ टक्के जाडीचा लाकडी गोळा दोरीने एका चेंबरपासून दुसऱ्या चेंबरपर्यंत ओढून बघा, आणि जिथे अडेल तेवढा भाग उकरून परत भरून घ्या.