दोघांचा व्हीआर-एआर गेम बनवताय? आधी या चुका टाळा

दर महिन्याला कोणीतरी मेसेज करतं, "दादा, गेम एका हेडसेटवर मस्त चालतो, दुसरा आला की बिघडतो." अरे मग मल्टिप्लेअर अजून झालाच कुठे!

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दोन्ही हेडसेटना एकच खोली दिसतेय असं धरून चालणं. प्रत्येकाचं शून्य, म्हणजे जिथून तो खोलीतली अंतरं मोजतो ती जागा, वेगळं असतं बाबांनो. मी स्वतः यात तोंडावर आपटलोय. पासथ्रूमध्ये, म्हणजे हेडसेटच्या कॅमेऱ्यांतून खरी खोली दिसत असताना, कॅरम बनवला होता, खऱ्या टेबलावर खोटा बोर्ड, समोरासमोर दोघं. आमच्या पसाऱ्याच्या ऑफिसात झकास चालायचा. क्लायंटचा हॉल मात्र पांढराफेक, भिंतीवर साधं कॅलेंडर नाही, म्हणजे कॅमेऱ्यांना धरायला काही खूणच नाही, त्यात घाईघाईत शेअर्ड अँकर, म्हणजे दोन्ही हेडसेटनी मिळून धरायचा खोलीतला एक ठरलेला बिंदू, मी टाकला दाराशी आणि टेबल तिथून पाच मीटर लांब. अँकर एक डिग्री जरी फिरला तरी पाच मीटरवर जवळपास 9 सेंटीमीटरचा फरक पडतो, कॅरममध्ये म्हणजे तीन सोंगट्या! एक साहेब क्वीनवर बोट ठेवून "ही घे" म्हणतायत, दुसरे म्हणतायत "तिथे काहीच नाहीये". मी घामाघूम.

तेव्हापासून अँकर टेबलाच्या कडेलाच टाकतो आणि सोंगट्यांच्या जागा नेटवर्कवर पाठवायच्या त्या अँकरपासून मोजूनच. बॅगेत जुने पेपर आणि सेलोटेप असतो, कोरी भिंत दिसली की चिकटवायचे. हसा खुशाल.

दुसरी चूक, फिजिक्स, म्हणजे सोंगट्यांच्या टकरींचा हिशोब, दोन्हीकडे वेगवेगळं चालवणं. "फोर्स सेमच पाठवतोय ना" म्हणतात. ब्रेकला 19 सोंगट्या एकमेकींवर आदळतात, केसभर फरक पडला की पुढे सगळंच बदलतं, एकाकडे क्वीन पॉकेटात गेलेली असते आणि दुसऱ्याकडे काठावर बसलेली. ज्याने शॉट मारला त्याच्याच हेडसेटवर हिशोब करा, दुसऱ्याला नुसत्या जागा पाठवा. आणि स्ट्रायकर धरला की तो लगेच हातात आला पाहिजे, सर्व्हरची परवानगी मागाहून येऊ दे.

एकाच खोलीत असाल तर व्हॉइस चॅट बंद ठेवा, नाहीतर प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येतं. 72 हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला 72 चित्रं दाखवताना, एका फ्रेमला जेमतेम 14 मिलिसेकंद मिळतात, नेटवर्कची वाट बघत फ्रेम अडवलीत तर हेडसेट घातलेल्याला मळमळणारच. अनोळखी लोक भेटणार असतील तर अवतारांमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या गेममधल्या शरीरांमध्ये, अंतर पहिल्या दिवसापासून ठेवा. मेटाला होरायझन या त्यांच्या व्हीआरमधल्या भेटीगाठींच्या ॲपमध्ये ते फेब्रुवारी 2022 मध्ये आणावं लागलं, साधारण चार फुटांचं.

आणि एक हेडसेट डोक्यावर, दुसरा टेबलावर, याला टेस्टिंग म्हणू नका. ट्युटोरियल बघून दोन दिवसांत गेम काढणारे सगळे हेच करतात. मी शनिवारी बिल्डिंगमधली पोरं बोलावतो. पहिल्याच डावात एकाने समोरच्याच्या हातातला स्ट्रायकर ओढून घेतला, आणि तेव्हा काय करायचं याचा कोडच मी लिहिला नव्हता.