बूट चावतो, कॉलर फुगते, सोल सुटतो: पुरुषांनो, खरेदीतल्या या चुका टाळा

ऑफिसचे बूट आपण एसी दुकानातल्या गालिच्यावर चार पावलं टाकून पसंत करतो आणि ते घालून चढतो ठाणे स्टेशनचा ओला जिना. कपड्यांचंही तेच. ट्रायल रूमच्या आरशासमोर पोट आत घेऊन उभं राहायचं आणि नंतर नऊ तास खुर्चीत बसायचं. रंग, ब्रँड, सेलमधली सूट, सगळं बघून होतं. आपला दिवस किती दमट हवेत जातो, किती चालण्यात आणि किती बसण्यात जातो, हे मात्र खरेदीच्या वेळी कुणाच्या डोक्यात नसतं.

पंजा रुंद, म्हणून नंबर मोठा

सर्रास होणारी चूक ही. आपल्याकडे अनेकांचा पंजा रुंद असतो. आठ नंबरचा बूट कडेने दाबतो, मग सेल्समन शांतपणे नऊ काढून देतो. रुंदी जमली, पण लांबी उगाच वाढली. महिन्या-दोन महिन्यांत त्याचे परिणाम दिसतात. चालताना टाच वर-खाली होते, मोजा घसरून तळव्याखाली गोळा होतो आणि बुटाच्या पुढच्या भागावर नको तिथे खोल आडवी घडी पडते. बूट जिथे वाकायला बनवलेला असतो तिथे आपला पाय वाकतच नाही, म्हणून ही घडी. पुढे तिथूनच भेग जाते.

नंबर वाढवू नका, साचा बदला. काही ब्रँड एकाच नंबरात रुंद फिटिंग ठेवतात, ते मागून घ्या. ते नसेल तर ऑक्सफर्डऐवजी डर्बी बघा. ऑक्सफर्डमध्ये लेसच्या दोन्ही पट्ट्या खालून शिवून बंद केलेल्या असतात. डर्बीत त्या वरून बसवलेल्या असल्याने उघडतात, त्यामुळे रुंद पंजाला आणि उंच पावलाला जागा मिळते. बहुतेक भारतीय ऑफिसांत हा फरक कुणाच्या लक्षातही येत नाही, तेव्हा संकोच नको.

बूट संध्याकाळी बघायला जावं, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. ऑफिसात घालता तेच मोजे घालून दोन्ही पायांत बूट चढवा. दोन पाय क्वचितच सारखे असतात, मोठ्या पायाचं माप धरायचं. अंगठ्यापुढे साधारण एक सेंटिमीटर जागा हवी. ‘वापरून सैल होतील’ हे सेल्समनचं वाक्य अर्धं खरं आहे. चामडं रुंदीला थोडं ताणतं, लांबीला नाही. आणि रेक्झिनचा बूट चावला तर तो चावतच राहतो.

ऑनलाइन मागवताना नंबराची पद्धत आधी तपासा. आपल्याकडे साधारणपणे ब्रिटिश नंबर चालतात. आपला ८ म्हणजे अमेरिकी ९, युरोपी ४२ च्या आसपास. अमेरिकेतल्या मामाला ‘माझा नंबर नऊ’ एवढंच कळवलंत, तर बूट चावणार हे नक्की.

खोक्यात जपून ठेवलेले बूट

लग्नासाठी महागातले बूट घेतले, एकदा घातले, खोक्यात भरून माळ्यावर टाकले. चार वर्षांनी चुलतभावाच्या लग्नात काढले, वरून अगदी नवेकोरे. कार्यालयाच्या फाटकापासून स्टेजपर्यंत जाईतो सोलचे काळे तुकडे मागे सांडत जातात. दोष गोंदाचा नसतो. हलका, मऊ सोल बहुधा पॉलियुरेथेनचा म्हणजे पीयूचा असतो. हवेतलं बाष्प त्यातल्या रासायनिक साखळ्या हळूहळू तोडत राहतं आणि एक दिवस सोल आतून चुरा होतो. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत, बंद खोक्यात हे लवकर घडतं. गंमत म्हणजे वापरातला बूट अशा वेळी जास्त टिकतो.

म्हणून वर्षा-दोन वर्षांतून एकदाच घालायचे बूट असतील तर सोल रबराचा किंवा टीपीआरचा (रबरासारख्या लवचिक प्लास्टिकचा) घ्या, थोडा जड लागला तरी. पीयूचा असेलच तर अधूनमधून घाला आणि समारंभाच्या आठवडाभर आधी घालून जिना चढून-उतरून बघा. चुरा झालेल्या सोलला फेविक्विक लावण्यात अर्थ नाही. वरचं चामडं चांगलं असेल तर पूर्ण सोल बदलून मिळतो, नाहीतर सोडून द्यायचं.

‘जेन्युइन लेदर’ या शिक्क्यावरही फार विसंबू नका. चामड्याच्या खालच्या, कमकुवत थरावर प्लास्टिकचा लेप दिलेला मालही त्या नावाने विकला जातो. जिभेची किंवा आतल्या पट्टीची कापलेली कड बघा. तंतू दिसले तर चामडं, विणलेलं कापड दिसलं तर रेक्झिन. एकदा पोपडे निघायला लागले की त्याला इलाज नाही. मेणाचं पॉलिश तिथे मुरत नाही, नुसतं चिकटतं आणि पँटच्या मोहरीला लागतं.

पावसाळ्याचे बूट वेगळेच

मुंबईत एकट्या जुलैत सरासरी ८०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तरीही जूनमध्ये नवे लेदरचे बूट घेणारे भेटतात. पावसाळ्यात ऑफिसपर्यंत रबरी सँडल किंवा फ्लोटर्स, आणि बूट ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, ही व्यवस्था लोकलने जाणाऱ्यांनी केव्हाच शोधून काढली आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही. घोट्यापर्यंतचं पाणी तुडवून आलेले बूट घालून मीटिंगला बसण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

बूट भिजलेच तर गॅसजवळ, हेअर ड्रायरखाली किंवा कडक उन्हात वाळवू नका, चामडं तडकतं. लेस आणि आतली गादी काढा, जुना पेपर कोंबा, ओला झाला की बदला आणि पंख्याच्या वाऱ्यात आडवे ठेवा. पूर्ण वाळल्यावरच क्रीम किंवा पॉलिश. ओल्यावर पॉलिश केलं तर ओल आत कोंडते आणि मग कपाटात बुरशी येते. पांढरी बुरशी दिसली तर घराबाहेर नेऊन कोरड्या फडक्याने पुसा आणि बूट आठवडाभर उघड्यावर ठेवा. वासाची तक्रार बहुतेक वेळा पायाची नसते, तोच जोड रोज घालण्याची असते. घामाची ओल एका रात्रीत वाळत नाही. दोन साधे जोड आलटून पालटून वापरले तर एका महागड्या जोडापेक्षा जास्त चालतात.

शुक्रवारच्या कुर्त्याखाली किंवा लिननच्या पँटवर कोल्हापुरी घालणार असाल तर तीही पावसाळा संपल्यावरच घ्या. खरी कोल्हापुरी बाभळीची साल आणि हिरड्याने कमावलेल्या चामड्याची असते. भिजली की तळ फुगतो, कडा सुटतात. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, ते कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या जिल्ह्यांना आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. फुटपाथवर त्या नावाने जे मिळतं त्यात रेक्झिन बरंच असतं, तेव्हा कड बघण्याची युक्ती इथेही लागू. नवी खरी कोल्हापुरी चावतेच. पट्ट्यांना आतून खोबरेल तेलाचा हात लावा आणि सुरुवातीला घरातल्या घरात तासभर घाला.

शर्टावरचा ‘४०’ कशाचा?

बरेच जण तो छातीचा इंचातला आकडा समजतात. फॉर्मल शर्टावरचा ३९, ४०, ४२ हा सहसा कॉलरचा घेर असतो, सेंटिमीटरमध्ये. गळ्याला टेप लावून मध्ये एक बोट घालून मोजा, तुमचा नंबर मिळेल. पोट सुटलंय म्हणून ४२ घेतला की कॉलर गळ्यापासून लांब उभी राहते आणि खांद्याची शिवण दंडावर उतरते. त्याऐवजी ४० मध्येच स्लिम सोडून रेग्युलर फिट घ्या. खांदे नीट बसत असतील तर बाजू टेलर आत घेतो. खांदा मात्र उसवून नीट बसवणं रेडीमेड शर्टात जवळजवळ होत नाही, ब्लेझरमध्ये तर नाहीच.

कॉलरवर फोड आल्यासारखे फुगे दिसतात, ते आतल्या फ्युजिंगचा, म्हणजे कॉलर ताठ ठेवणाऱ्या चिकटवलेल्या अस्तराचा, गोंद सुटल्यामुळे. गरम पाण्यात धुणं, ड्रायर, कॉलर पिळणं ही कारणं. थोडेच फुगे असतील तर ओलसर फडकं ठेवून इस्त्री दाबून धरा, न घासता. कधी कधी पुन्हा चिकटतं.

कापडाबद्दल माझं मत सरळ आहे. मुंबईत, गोव्यात शंभर टक्के पॉलिएस्टर शर्ट घेऊ नये, कितीही चुण्या पडत नसल्या तरी. पँटमध्ये मात्र टेरिकॉट किंवा पॉली-व्हिस्कोसला नावं ठेवण्याचं कारण नाही. घडी टिकते, लवकर वाळते. कॉटनची चिनो घेतलीत तर खालची मोहरी दुमडून शिवण्याआधी एकदा धुवून घ्या. दुकानदार ‘आत्ता दहा मिनिटांत करून देतो’ म्हणेल, आणि पहिल्या धुण्यात पँट आटून घोट्यावर येईल. कंबर वाढवायची वेळ येतेच, म्हणून घेताना पँट उलटी करून मागच्या शिवणीत माया, म्हणजे जादा कापड, किती सोडली आहे ते बघा. इंचभर तरी हवी.

नव्या ब्लेझरच्या मागच्या फटीवर फुलीसारखा टाका आणि बाहीवर ब्रँडची पट्टी असते. ही दोन्ही काढून टाकायची असतात. लग्नाच्या हॉलमध्ये नजर टाकलीत तर निम्म्यांच्या पाठीवर तो टाका तसाच दिसेल.

गडद पँटच्या गुडघ्यावर आणि सीटवर चकाकी आली तर दोष बहुधा इस्त्रीचा. इस्त्रीवाल्याला ‘उलटी करून, वर फडकं टाकून’ एवढं सांगून ठेवा. आणि टाचेचं रबर बाहेरच्या बाजूने झिजायला लागलं की लगेच कोपऱ्यावरच्या मोच्याकडे जा. नुसतं रबर बदलणं थोडक्या पैशांत होतं. झीज वरच्या थरात शिरली की पूर्ण टाच बदलावी लागते, आणि तोवर तुमची चालही तिरकी झालेली असते.