शिडाची बोट, प्रवाळ आणि दोघे: बेटावरील स्नॉर्केलिंगचा दिवस कसा आखावा

उष्ण कटिबंधातील बेटावर सुट्टीसाठी गेलेल्या जोडप्याने एक अख्खा दिवस शिडाच्या बोटीला आणि प्रवाळांना द्यावा, असे मी आग्रहाने सुचवतो. स्नॉर्केलिंग म्हणजे डोळे आणि नाक झाकणारा काचेचा मास्क लावून, तोंडात धरलेल्या नळीने श्वास घेत, पाण्याच्या पृष्ठभागावर पालथे तरंगत खालचे जग पाहणे. पोहता येणाऱ्याला ते अवघड नाही. पण दोघांची पाण्याची सवय क्वचितच सारखी असते आणि बऱ्याच अडचणी या तफावतीतूनच उद्भवतात. म्हणून बोट ठरवण्याआधी एक गोष्ट ठरवावी: ज्याला पाण्याची सवय कमी, त्याचा वेग तोच दोघांचा वेग, आणि त्याने ‘पुरे’ म्हटले की दोघांनीही बाहेर यायचे.

बोट आणि वेळ ठरवणे

सहल शक्यतो सकाळची घ्यावी. दिवस चढतो तशी बेटावरची जमीन तापते, समुद्रावरून जमिनीकडे वारा वाहू लागतो आणि दुपारपर्यंत लाटांना जोर चढतो. सकाळचे पाणी त्या मानाने संथ असते आणि तळाचा गाळ कमी ढवळलेला असल्याने दूरचेही स्पष्ट दिसते. ही सहल सुट्टीच्या शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवू नये. सुरुवातीलाच ठरवली, तर हवा बिघडली तरी ती पुढे ढकलता येते.

दोन सांगाड्यांची, म्हणजे पाण्यात तरंगणारे दोन लांबट भाग शेजारी-शेजारी जोडलेली, कॅटामरान वाऱ्याने फारशी कलत नाही आणि तिच्यावर बसायला जागाही ऐसपैस असते. एका सांगाड्याची बोट शिडात वारा भरला की एका बाजूला झुकते. शिडाच्या प्रवासाचा खरा अनुभव मला तिच्यावरच मिळतो, पण दोघांपैकी एकाला जरी बोट लागत असली, तरी कॅटामरानच निवडावी. पैसे भरण्यापूर्वी काही प्रश्न विचारावेत. प्रवाशांसोबत पाण्यात वाटाड्या उतरतो का, त्याच वेळी बोटीवरून पाण्याकडे लक्ष ठेवायला दुसरा माणूस असतो का, दोघांच्या मापाची लाइफ जॅकेट आहेत का, आणि प्रवाळांपाशी बोट नांगर टाकते की आधीच बसवलेल्या तरंगत्या बोयाला बांधली जाते? प्रवाळांवर नांगर टाकणाऱ्या बोटीने जाऊच नये. हृदयविकार किंवा दमा असणाऱ्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आदल्या दिवशी

मास्क नीट बसत नसेल, तर बाकीची सगळी तयारी वाया जाते. पट्टा डोक्यामागे न घेता मास्क नुसता चेहऱ्यावर टेकवावा आणि नाकाने हलका श्वास आत ओढावा. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला, तर माप योग्य आहे. केसांची एखादी बट कडेखाली अडकली तरी पाणी झिरपते, आणि दाट मिशीमुळेही तसेच होते. अशा वेळी पट्टा आवळत राहिल्याने गळती थांबत नाही, उलट कड वाकून ती वाढू शकते. काचेला आतून बेबी शॅम्पूचा थेंब चोळून हलके विसळले की वाफ धरत नाही; साधी थुंकीही चालते.

मग कमरेइतक्या शांत पाण्यात उभे राहून दोघांनी एकत्र सराव करावा. तोंड पाण्यात ठेवून संथपणे तोंडाने श्वास घ्यावा, नळीत मुद्दाम पाणी शिरू द्यावे आणि एका जोरदार फुंकरीने ते बाहेर काढावे. मास्कमध्ये पाणी आले, तर वरची कड कपाळाशी दाबून, मान थोडी मागे करून नाकाने श्वास सोडावा. पाणी खालच्या कडेने निघून जाते. या दोन गोष्टी निर्धास्तपणे जमू लागेपर्यंत खोल पाण्याचा विचार करू नये. जोडीदार घाबरला असेल, तर ते इथेच, पाय टेकत असताना कळते आणि ती भीती शांतपणे दूरही करता येते.

खुणाही आदल्या दिवशीच ठरवाव्यात. अंगठा आणि तर्जनी जुळवून केलेले वर्तुळ म्हणजे ‘ठीक आहे’, आणि डोक्यावर हात उंचावून हलवणे म्हणजे ‘मदत हवी’. त्यामुळे बोटीवरच्या कोणाला हौसेने हात हलवून दाखवू नये.

स्नॉर्केलिंग करताना पाठ, मान आणि गुडघ्यांमागची त्वचा तासन्‌तास उन्हाकडे असते. लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट हा त्यावरचा सर्वांत चांगला उपाय होय, कारण तो पाण्यात विरघळत नाही. उरलेल्या भागासाठी झिंक ऑक्साइडचे सनस्क्रीन घ्यावे. प्रवाळांना अपाय होण्याच्या शंकेवरून अमेरिकेच्या हवाई राज्याने ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही रसायने असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर १ जानेवारी २०२१ पासून बंदी घातली आहे. प्रशांत महासागरातील पलाऊ या द्वीपराष्ट्राने तशी बंदी २०२० मध्येच आणली.

बोटीवर

बोट लागू नये म्हणून घ्यायचे औषध डॉक्टरांना विचारून, बोट सुटण्यापूर्वी साधारण तासभर आधी घ्यावे. मळमळू लागल्यावर त्याचा फारसा उपयोग होत नाही. त्यातील काही गोळ्यांनी झोप येते, म्हणून त्या घेतलेल्याने पाण्यात उतरण्याआधी आपण तरतरीत आहोत का, हे पाहावे. पोट ढवळू लागले, तर खालच्या खोलीत न जाता मोकळ्या हवेत बसून क्षितिजाकडे पाहावे.

शिडाची बोट थेट वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही. ती तिरकी, नागमोडी वाट काढते आणि प्रत्येक वळणावर शिडाखालचा आडवा दांडा एका बाजूकडून दुसरीकडे फिरतो. कप्तानाने वळण्याची सूचना दिली की डोके खाली घ्यावे आणि चालताना एक हात कायम कशाला तरी धरलेला ठेवावा. ताणलेल्या दोरांवर बसू नये. मद्य घ्यायचेच असेल, तर ते पाण्यातून शेवटचे बाहेर आल्यानंतर.

पाण्यात

शिडीने उतरल्यावर पहिली दोन मिनिटे बोटीजवळच तरंगत राहून श्वास संथ होऊ द्यावा, मगच पुढे निघावे. प्रवाह कोणीकडे आहे ते वाटाड्याला विचारून आधी त्याच्या विरुद्ध दिशेने पोहावे, म्हणजे दमल्यावर परतताना तोच प्रवाह बोटीकडे आणतो. पाय गुडघ्यातून न झाडता मांडीपासून, सावकाश हलवावेत.

दोघांनी शेजारी-शेजारी पोहावे, एकामागे एक नाही, कारण मागे राहिलेला पुढच्याला दिसत नाही. मास्कमधून पाहताना प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे पाण्यातील वस्तू प्रत्यक्षापेक्षा जवळ भासते. तीन मीटरवर वाटणारा जोडीदार खरे तर चार मीटरवर असतो. हात लांबवला की एकमेकांना स्पर्श होईल, इतके अंतर ठेवावे. बोटीच्या इंजिनाचा आवाजही फसवा असतो. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर, म्हणजे हवेतल्या चौपटीहून अधिक वेगाने जातो, आणि त्यामुळे तो कोठून येत आहे हे कानांना उमगत नाही. आवाज ऐकू येताच डोके वर काढून सभोवार पाहावे.

एकजण बुडी मारत असेल, तर दुसऱ्याने पृष्ठभागावर राहून त्याच्यावर नजर ठेवावी. बुडीपूर्वी भराभर खोल श्वास घेऊ नयेत. त्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, श्वास घेण्याची निकड उशिरा जाणवते आणि माणूस कोणतीही पूर्वसूचना न मिळता पाण्याखालीच बेशुद्ध होऊ शकतो. वर असतानाही दम लागला, तर लगेच उताणे व्हावे, नळी तोंडातून काढावी आणि मदतीची खूण करावी.

प्रवाळ दगडासारखे दिसले, तरी ती सजीवांची वसाहत आहे. घुमटासारखे प्रवाळ वर्षाला फार तर एक-दोन सेंटिमीटर वाढतात, म्हणजे मीटरभर उंचीचा घुमट घडायला निदान अर्धशतक लागते. एखाद्याने क्षणभर विसावण्यासाठी त्यावर पाय टेकवला, तरी वरचा जिवंत थर चिरडतो. विसावा हवा असेल, तर लाइफ जॅकेटच्या आधाराने तरंगावे. शिवाय पोहत सुटण्यापेक्षा एकाच जागी दहा मिनिटे स्तब्ध राहिल्यास अधिक दिसते: दचकून लपलेले मासे बाहेर येतात आणि पोपटमासा प्रवाळ खरवडतो तो आवाजही ऐकू येतो.

बाहेर आल्यावर

पाणी उबदार वाटले, तरी ते अंगातली उष्णता हवेपेक्षा वीस पटींहून अधिक वेगाने ओढून घेते, म्हणून हुडहुडीची पहिली लहर येताच बाहेर यावे. प्रवाळाने खरचटले असेल, तर जखम स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवावी, कारण अशा जखमा चिघळतात.

बोट निघण्यापूर्वी होणाऱ्या मोजणीत दोघांनी स्वतः ‘आलो’ असे सांगावे आणि मोजणी होताना दिसली नाही, तर ती करायला लावावी. जानेवारी १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियातील ग्रेट बॅरियर रीफ या प्रवाळरांगेवर मोजणीतील चुकीमुळे एक अमेरिकी पती-पत्नी मागेच राहिले आणि ते कधीही सापडले नाहीत. त्यामुळे हा आग्रह धरताना जराही संकोचू नये.

परतीच्या वाटेवर कोरडे कपडे घालून, पाणी पीत माशांचा चित्रतक्ता मागून घ्यावा. पाण्याखाली बोलता येत नसल्याने एकाने पाहिलेले बरेचसे दुसऱ्याला ठाऊकच नसते. रंग आणि पट्टे आठवणीत ताजे असतानाच, किनारा लागण्यापूर्वी, दोघांनी आपापले मासे त्या तक्त्यावर एकमेकांना शोधून दाखवावेत.