कन्व्हर्ज झालेले प्रत्येक उत्तर आपले नसते

तिसऱ्या वर्षाला असताना मी न्यूटन-रॅफसनचा (अंदाजी किमतीपासून निघून फेरीफेरीने समीकरणाच्या उत्तराजवळ नेणाऱ्या पद्धतीचा) पंधरा ओळींचा पायथन प्रोग्रॅम लिहिला आणि तो पहिल्याच दिवशी चालला. त्या आनंदात जे नजरेतून सुटले त्याची सल अजून गेलेली नाही, आणि सिव्हिलच्या ज्या मुलामुलींनी न्यूमरिकल मेथड्सना, म्हणजे समीकरणे आकडेमोडीने सोडवण्याच्या पद्धतींना, नुकतीच सुरुवात केली आहे, त्यांच्यासाठी मुख्यतः तेच लिहीत आहे.

आयताकृती चॅनेलमध्ये स्लुइस गेटच्या (खालून पाणी सोडणाऱ्या उभ्या दरवाजाच्या) अलीकडे, म्हणजे वरच्या बाजूला, पाण्याची खोली काढायची होती. मीटरभर रुंदीमागे विसर्ग सेकंदाला ३ घनमीटर आणि स्पेसिफिक एनर्जी (पाण्याची खोली आणि त्याच्या वेगाची ऊर्जा मिळून, मीटरमध्ये मांडलेली) २ मीटर. मांडणी केली की त्रिघाती समीकरण मिळते: खोलीचा घन, वजा खोलीच्या वर्गाची दुप्पट, अधिक ०.४५९, बरोबर शून्य. इनिशियल गेस (सुरुवातीचा अंदाज) म्हणून मी १ घेतला, त्यामागे काहीही विचार नव्हता. चार-पाच फेऱ्यांत उत्तर ०.५७ मीटरवर स्थिर झाले, म्हणजे कन्व्हर्ज झाले, समीकरणात परत घालून पाहिले तर शून्य आले, आणि मी निर्धास्तपणे आकृती काढून सबमिशन केले. व्हायवामध्ये बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आकृतीवर बोट ठेवून एवढेच विचारले, "गेटच्या अलीकडे पाणी साचते की आटते?" मला उत्तर देता आले नाही.

या समीकरणाला तीन मुळे आहेत आणि तिन्ही घातली तरी शून्यच येते, त्यामुळे परत घालून पाहण्याची पडताळणी येथे कामाची नाही. २ पासून सुरुवात केली तर १.८७ मिळते, आणि गेटच्या अलीकडची खोली तीच, कारण तेथे पाणी साचते. १ पासून ०.५७ मिळते, जी गेटखालून निसटलेल्या वेगवान पाण्याची खोली आहे. ०.१ पासून निघालात तर पहिल्या फेरीत १.२९ येते, तेथे वक्राची स्पर्शिका जवळजवळ आडवी असल्यामुळे पुढची उडी थेट उणे २.८७ वर जाते, आणि अखेर उणे ०.४३ मीटर खोली मिळते. प्रोग्रॅम तिन्ही वेळा बिनचूक असतो, एकही एरर दाखवत नाही.

म्हणून गेस टाकण्यापूर्वी ०.१ ते २.५ पर्यंतच्या किमती छापून आलेख काढा आणि क्रिटिकल डेप्थ (संथ आणि वेगवान प्रवाहांच्या सीमेवरची खोली) हाताने काढा. येथे ती ०.९७ मीटर आहे. संथ पाण्याची खोली ०.९७ आणि २ यांच्यामध्येच असणार, हे कळल्यावर बायसेक्शनसुद्धा (दोन किमतींमधले अंतर दर फेरीत निम्मे करणारी पद्धत) वीसएक फेऱ्यांत सहा दशांश स्थळांजवळ पोहोचवते. बायसेक्शनला मागासलेली पद्धत म्हणून हिणवणारे मार्गदर्शक भेटतील. माझ्या मते नवख्याने पहिले सत्र तिच्यावरच काढावे, कारण मूळ कोणत्या दोन किमतींमध्ये आहे हे आधी सांगितल्याशिवाय ती सुरूच होत नाही.

सीनियरच्या पेन ड्राइव्हमधला तयार कोड मात्र घेऊ नका. त्यात त्याचा गेस असतो आणि त्याची चूकही असते. पायथनच्या सायपाय लायब्ररीतल्या एफसॉल्व्ह या समीकरण सोडवणाऱ्या फंक्शनलाही गेस लागतो आणि एक्सेलचे गोल सीकही सेलमधल्या आकड्यापासूनच निघते, तेव्हा तयार साधनाने हा प्रश्न सुटत नाही, फक्त दिसेनासा होतो.

प्रोग्रॅमिंग जमणार नाही ही भीती बाळगू नका. लूप, अट, फंक्शन आणि ॲरे एवढ्यावर या विषयाचा बराच मोठा भाग निभावतो, आणि हायड्रॉलिक्स ज्याने मनापासून वाचले आहे त्याला नुसता कोड येणाऱ्यापेक्षा एक गोष्ट जास्त येते: आलेला आकडा चॅनेलमध्ये शक्य आहे का, हे तो पाहू शकतो. माझ्या प्रोग्रॅममध्ये आता खोलीखाली फ्रूड नंबर (प्रवाह संथ असेल तर १ पेक्षा कमी, वेगवान असेल तर जास्त) छापणारी एक ओळ असते. १.८७ खाली ०.३७ छापले जाते आणि ०.५७ खाली २.२५. ही एक ओळ तेव्हा असती, तर ती आकृती मी काढलीच नसती.