धाप, सूज आणि इकोचा रिपोर्ट: हृदयाच्या स्नायूचा आजार कसा ओळखावा, कसा सांभाळावा

गेल्या वर्षी जोतिबाच्या पायऱ्या एका दमात चढणारा माणूस यंदा निम्म्यावर टेकतो आणि घरचे म्हणतात, "वय झालं." हृदयाच्या स्नायूचा आजार, म्हणजे कार्डिओमायोपॅथी, बऱ्याचदा असाच सुरू होतो. छातीत कळ येईलच असं नाही.

आधी घरी बघा

आडवं झाल्यावर धाप लागते का? उशा एकाच्या दोन, दोनाच्या तीन झाल्यात का? संध्याकाळी नडगीच्या हाडावर अंगठा दहा सेकंद दाबून धरा. खळगा तसाच राहिला तर अंगात पाणी साठतंय. रात्रीचा कोरडा खोकला आणि थोडं खाल्लं तरी पोट गच्च वाटणं हीदेखील याचीच लक्षणं असू शकतात, पण ती ॲसिडिटीच्या नावावर खपतात. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून बाळंतपणानंतरच्या पाच महिन्यांपर्यंत कधीही धाप लागली, तर "बाळंतिणीला सूज येतेच" म्हणून सोडू नका. पळताना किंवा कुस्ती खेळताना शुद्ध हरपली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

मग ईसीजी आणि टूडी इको

इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टवर दोन आकडे शोधा. पहिला ईएफ, म्हणजे एका ठोक्याला डावा खालचा कप्पा आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतो: साधारण ५५ ते ७० टक्के ठीक, ४० किंवा त्याखाली म्हणजे पंप कमजोर. दुसरा त्याच कप्प्याच्या भिंतीची जाडी. बीपी किंवा झडपेचं कारण नसताना ती १५ मिमी किंवा जास्त असेल, तर स्नायू जाड होण्याचा आजार, एचसीएम, धरतात. घरात कुणाला तो असेल तर १३ मिमीलाच सावध व्हायचं.

तालमीतल्या पोरांचा इथे घोळ होतो. मेहनतीने पैलवानाचं हृदय थोडं जाड होतंच, पण १३ मिमीच्या वर क्वचित जातं आणि बहुधा पोकळीही वाढते. एचसीएममध्ये पोकळी लहान राहते. शंका असेल तर तीन महिने मेहनत बंद ठेवून पुन्हा इको करतात. व्यायामाची जाडी उतरते, आजाराची उतरत नाही. वस्ताद रागावला तरी चालेल.

ईएफ कमी असेल तर ब्लॉकेज, थायरॉईड, दारू, सतत वेगाने पडणारे ठोके, पूर्वी घेतलेली कॅन्सरची औषधं हे सगळं तपासून घ्या. यातलं कारण सापडून दूर झालं की स्नायू बराच सावरू शकतो. आजार घराण्यातला असेल, तर तो बहुधा अपत्याकडे जाण्याची शक्यता ५० टक्के असते. म्हणून आई-वडील, भावंडं, मुलं यांचाही इको करा.

औषधं: शेजाऱ्याच्या गोळ्या नकोत

कमजोर पंपाला चार प्रकारची औषधं लागतात: रामिप्रिल किंवा एआरएनआय (सॅक्युबिट्रिल-वलसार्टन), कार्व्हेडिलॉलसारखा ठोके मंदावणारा बीटा ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोन आणि डॅपाग्लिफ्लोझिन. शेवटची गोळी मधुमेहाची म्हणून ओळखतात, पण मधुमेह नसला तरी देतात. "मला शुगर नाही" म्हणून ती बंद करू नका. बीटा ब्लॉकर थोड्यापासून हळूहळू वाढवतात. सुरुवातीला गळल्यासारखं वाटतं, तरी तो अचानक सोडायचा नाही. गोळ्या सुरू झाल्यावर एक-दोन आठवड्यांत रक्तातलं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) तपासा.

एचसीएममध्ये रक्ताची वाट अडत असेल तर गणित उलटं होतं. जिभेखालची सॉर्बिट्रेट किंवा लघवीची जादा गोळी बीपी पाडून माणसाला लोळवू शकते.

तीन महिने पुरेशी औषधं घेऊनही ईएफ ३५ किंवा खाली राहिली तर छातीत आयसीडी, म्हणजे ठोके जीवघेणे बिघडले तर शॉक देणारं छोटं यंत्र, बसवण्याचा विचार होतो. खर्च मोठा असतो, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का ते आधी विचारा.

रोजचं

सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर वजन करून वहीत लिहा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते पाणी आहे, डॉक्टरांना फोन करा. मीठ दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, सगळं मिळून. तांबडा-पांढरा असेल तर मटणाच्या फोडी घ्या, वाट्यांवर वाट्या रस्सा नको, कारण मीठ त्यातच उतरलेलं असतं. खर्डा, लोणचं, पापड, मिसळीवरचं फरसाण यांचाही हिशेब धरा. स्पायरोनोलॅक्टोन चालू असताना 'लो सोडियम' मीठ टाळा, त्यात पोटॅशियम असतं. गुडघेदुखीला डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन घेऊ नका. त्यांनी अंगात मीठपाणी साठतं.

बसूनही धाप थांबत नसेल, गुलाबी फेस येत असेल किंवा ओठ निळे पडले तर १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत रुग्णाला झोपवू नका, पाय खाली सोडून ताठ बसवा.