गावात जुलाबाची साथ लागली, की आधी वही काढा

साथीचा फोन आला की उपकेंद्रावरची नवी पोरं आधी सलाइनच्या बाटल्या मोजतात. मोजा, ओआरएसही घ्या. पण पिशवीत एक कोरी वही टाका. हिंगोली जिल्ह्यात मी 32 वर्षं आरोग्यसेवक होतो. अर्धी नोकरी वहीनंच तारली.

रकाने आखा: नाव, वय, गल्ली, पहिला जुलाब कधी, पाणी कुठलं, बाहेर काय खाल्लं. घड्याळातली वेळ कुणी सांगत नाही. 'डेअरीला दूध घालून आलतो तवा' म्हणतील. डेअरी किती वाजता उघडते ते विचारून घ्या.

मग गावाचा कच्चा नकाशा काढा. हापसा, टाकी, टँकर रिकामा होतो ती विहीर, व्हॉल्व्ह, नाल्या. रुग्ण असेल त्या घरावर ठिपका. 1854 साली लंडनच्या कॉलऱ्यात जॉन स्नो नावाच्या डॉक्टरनं मृत्यू असेच नकाशावर मांडले, तर ते ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती दाटलेले दिसले. मला मात्र त्याची दुसरी गोष्ट जास्त आवडते. त्याच रस्त्यावरच्या बिअरच्या कारखान्यातले मजूर ठणठणीत कसे, हेही त्यानं जाऊन विचारलं. ते पंपाचं पाणी पीतच नव्हते.

तेव्हा धडधाकट माणसांचीही नावं लिहा. पहिल्या साथीत मी ती लिहिली नाहीत. जो तो आजारी म्हणाला, भंडाऱ्यात जेवलो. मी आचाऱ्याला धारेवर धरलं. अहो, भंडाऱ्याला अख्खं गाव होतं! आजारी होती ती फक्त खालची गल्ली. तिथल्या व्हॉल्व्हच्या खड्ड्यात नालीचं पाणी साचलेलं. नळ बंद झाला की रिकामा पाइप असलं पाणी आत ओढतो, आणि आमच्याकडं उन्हाळ्यात नळ आठ-आठ दिवसांनी येतो.

हिशेब सोपा आहे. समजा, जेवलेल्या 80 पैकी 16 आजारी आणि न जेवलेल्या 40 पैकी 8. दोन्हीकडं 20 टक्केच. म्हणजे जेवणावरचा संशय ढिला पडला. आता असंच पाण्याचं मांडा.

टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकायच्या आधी पाण्याचा नमुना घ्या. सरपंच घाई करतील, करू द्या. नंतर ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन किती उरलंय याची तपासणी, टाकीखाली नको, शेवटच्या घरच्या नळाला करा. तिथं क्लोरीन लिटरला निदान 0.2 मिलिग्रॅम यायला हवं.

कॉलऱ्याची लागण दिसायला काही तासांपासून 5 दिवस लागतात. शेवटच्या रुग्णानंतर निदान 10 दिवस तरी वही मिटू नका.

आचाऱ्याकडं मी नंतर चहाला गेलो. त्यानं कप पुढं केला आणि म्हणाला, "साहेब, पाणी उकळलंय बरं का."