या चुका टाळा : मायक्रोकॅप्सूल उघडली असं जाहीर करण्याआधी

पीएच, उष्णता, प्रकाश, अल्ट्रासाउंड किंवा चुंबकीय क्षेत्र, यांपैकी कशाचाही इशारा मिळाला की आतला माल सोडणारी पॉलिमर कॅप्सूल कागदावर फार सोपी दिसते. किती माल सुटला याचा आलेखही हमखास देखणा येतो. माझं भांडण त्या आलेखाशीच आहे. रेष वर चढली खरी, पण ती इशाऱ्यामुळेच चढली हे तपासायला कुणाला वेळ नसतो.

सगळ्यात डोकं उठवणारी चूक म्हणजे माल म्हणून आत भरलेला, मोजायला घेतलेला रंगच इशाऱ्याला बळी पडणं. आमच्याकडे एका विद्यार्थ्याने आम्लात बंद राहून पीएच ७.४ ला उघडणाऱ्या कॅप्सूल्स केल्या होत्या. आत फ्लुरेसिन, म्हणजे चमकणारा रंग. आम्लात रेष जमिनीला चिकटलेली, ७.४ ला सरळ उभी. पोस्टरचं शीर्षकसुद्धा ठरलं होतं. त्याला म्हटलं, आम्लातल्या नमुन्यात सोडियम हायड्रॉक्साइडचे दोन थेंब टाकून बघ. फिकट पिवळं पाणी डोळ्यांदेखत झगझगीत हिरवं झालं. माल आम्लातच गळून गेला होता, फक्त दिसत नव्हता. फ्लुरेसिनचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला त्याचं रूप बदलतं तो आकडा, ६.४ च्या आसपास आहे. त्याच्या बरंच खाली गेलं की त्याची चमक मालवते. कवच बिचारं कधी बंद नव्हतंच.

तेव्हापासून माझा शिरस्ता असा : नमुना कुठल्याही पीएचमधून काढलेला असो, मोजण्याआधी तो पीएच ९ च्या चांगल्या तगड्या बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) पातळ करायचा. स्टँडर्ड कर्व्हसुद्धा (किती रंगाला किती चमक, हे सांगणारा आलेख) त्याच बफरमध्ये काढायचा, मागच्या वर्षीचा कुणाचा तरी उचलायचा नाही. रोडामाइन बी हा दुसरा रंग घेतला म्हणजे सुटलो, असंही नाही. नेहमीच्या पीएचला तो फारशी दाद देत नाही, पण तापमान वाढलं की त्याची चमक उतरते. उष्णतेचा प्रयोग असेल तर नमुने खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच मोजा. तेवढाही धीर नसेल तर हा विषय आपला नव्हे.

दुसरी लाडकी चूक प्रकाशवाल्यांची. कवचात प्रकाशाने तापणारे सोन्याचे नॅनोरॉड (अतिसूक्ष्म कांड्या), वरून निअर-इन्फ्रारेड लेझर, माल बाहेर, टाळ्या. पण लेझरने अख्खं क्युव्हेटच, म्हणजे नमुन्याचं पारदर्शक भांडंच, तापलं असेल तर? मी दोन कंट्रोल, म्हणजे तुलनेचे प्रयोग, मागतो. एक, तोच लेझर, पण सोनं नसलेल्या कॅप्सूल्स. दोन, सोनं असलेल्या कॅप्सूल्स अंधारात, वॉटर बाथमध्ये, क्युव्हेट जितकं तापलं होतं तितक्याच तापमानाला. दुसऱ्यातही तेवढाच माल सुटला तर तुमचा लेझर म्हणजे महागडा गिझर. हे कंट्रोल ‘नंतर करू’ म्हणणाऱ्यांचं ते ‘नंतर’ कधी आलेलं मी पाहिलेलं नाही. चुंबकीय क्षेत्रवाल्यांनाही हेच लागू. शिवाय तिथे तापमान मोजायला धातूचा थर्मोकपल बुडवू नका. बदलत्या क्षेत्रात तो स्वतःच तापतो. फायबर-ऑप्टिक प्रोब वापरा.

बाकीच्या चुका थोडक्यात.

धुणं उरकू नका. कवचाच्या बाहेर चिकटलेला रंग पहिल्या काही मिनिटांत सुटतो आणि लोक त्याला ‘जलद प्रतिसाद’ म्हणतात. धुतलेलं पाणी नितळ दिसलं म्हणून थांबू नका, ते मोजा.

पीनायपॅम हे उष्णतेच्या कॅप्सूल्सचं लाडकं पॉलिमर पाण्यात साधारण ३२ अंश सेल्सिअसच्या वर आक्रसतं. म्हणजे ‘गरम केलं की उघडतं’ हे गृहीतच चुकीचं. कधी माल पिळून बाहेर येतो, कधी वरची साय घट्ट होऊन वाटच बंद होते. क्षारांनी तो ३२ चा आकडा खाली येतो, म्हणून शुद्ध पाण्यातला आकडा बफरला लावू नका.

डायलिसिस बॅग (रंग झिरपू देणारी, पण कॅप्सूल्स अडवणारी पिशवी) वापरणार असाल तर आधी नुसता मोकळा रंग भरून तो किती वेळात बाहेर पडतो ते पाहा. पुष्कळदा ‘संथ, नियंत्रित’ विसर्ग हा त्या बॅगेचा असतो.

दरवेळी काढलेल्या नमुन्यातून गेलेला माल एकूण हिशेबात धरा.

शंभर टक्के म्हणजे किती, हे बनवताना टाकलेल्या रंगावरून ठरवू नका. थोड्या कॅप्सूल्स पूर्ण विरघळवून आतला माल मोजा.

आणि गोळे झाले म्हणून अल्ट्रासॉनिक बाथमध्ये ठेवलेल्या कॅप्सूल्स नंतर अल्ट्रासाउंडच्या प्रयोगाला घेऊ नका. त्यातल्या कितीतरी आधीच फुटलेल्या असतात.